यानातला खून आणि हवेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंगळाकडे निघालेल्या यानात सात माणसं आहेत आणि चौथ्या महिन्यात त्यातल्या एकाचा खून होतो. चाळीस पानं लिहून झाली आहेत. वाचून पाहणारा मित्र म्हणाला, "हे सगळं एखाद्या बंगल्यातही घडलं असतं." शिवाय यानभर कॅमेरे आणि सेन्सर असताना खून लपणार कसा, हा पेच सुटेना, म्हणून तुम्ही तिसऱ्या प्रकरणात कॅमेरेच बंद पाडलेत.

आधी ते कॅमेरे परत सुरू करा.

मी बरीच वर्षं रहस्यकथा लिहितोय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या तपासून दिल्यात. "कॅमेरा नेमका त्याच वेळी बंद होता" हे वाक्य आलं की वाचकाला खुन्याआधी लेखक दिसतो. यानात श्वास, घाम, लघवी, वीज, दाब, वेग सगळंच मोजलं जातं, कारण न मोजून जगता येत नाही. अशा ठिकाणी माहिती दडवून रहस्य उभं करायला गेलात तर सारखी ठिगळं लावत बसाल. माहिती सगळ्यांसमोर असू द्या, फक्त ती सगळ्यांनी चुकीची वाचली पाहिजे. तुमच्या मित्राला बंगला दिसला तो याचमुळे. तुमच्या चाळीस पानांत यान कुठेच काही मोजत नाही.

उदाहरण घेऊन बोलू. समजा, सातातला एक जण एअरलॉकमधून, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या दोन दारांमधल्या खोलीतून, दुरुस्तीसाठी बाहेर गेला आणि परत आलाच नाही. सगळ्यांनी तो मेला असं धरलं. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. सात जणांना ५.८८ किलो, सहा जणांना ५.०४. हवेची यंत्रणा सांभाळणारी इंजिनिअर रोज सकाळी आकडा बघते. तो खाली यायला हवा, पण येत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती मनावर घेत नाही आणि ते बरोबरच आहे. कुणी व्यायाम जास्त केला, कुणाला झोप लागली नाही, एवढ्यानेही आकडा हलतो. दहाव्या दिवशी मात्र फरक साठत साठत ८.४ किलोवर जातो. एवढं व्यायामाच्या माथी मारता येत नाही. मग एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर सातवा माणूस अजून श्वास घेतोय. गळती असेल तर ऑक्सिजनसोबत नायट्रोजनही जाईल. माणूस असेल तर नायट्रोजन तसाच राहील आणि कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या यंत्रावर रोज किलोभर जादा भार पडेल. दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर समोर येतं. ते शेजारी ठेवायचं कुणालाच सुचलेलं नसतं, कारण एक आकडा इंजिनिअर बघते आणि दुसरा डॉक्टर.

आता लपलेल्या माणसाला आतून कुणी सामील आहे आणि तो ऑक्सिजनची नोंद बदलतो असं धरा. लांबच्या प्रवासात ऑक्सिजन बराचसा पाण्यातून काढावा लागतो, पाण्यात वीज सोडून. एक किलो पाण्यातून सुमारे ०.८९ किलो निघतो. म्हणजे हवेच्या वहीत खाडाखोड केली तरी पाण्याच्या वहीत रोज जवळजवळ लिटरभर खड्डा दिसणार. पृथ्वीभोवतीच्या अंतराळ स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं, तेही मूत्र, घाम आणि उच्छ्वासातली वाफ धरून. एवढ्या काटेकोर संसारात लिटरभर पाणी म्हणजे लहान गोष्ट नाही. एक वही खोटी लिहिणं सोपं, पण तीन वह्या एकमेकींशी जुळतील अशा खोट्या लिहायला खुनी फारच हुशार लागतो. त्याच्या हुशारीची मर्यादा जिथे येते, तिथे तुमची कादंबरी संपते.

तिसरी वही तर यानावर नसतेच. सूटसकट दोनशे किलोचा माणूस शंभर टनांच्या यानापासून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने दूर गेला, तर यान उलट दिशेला सेकंदाला एक मिलिमीटर सरकतं. एवढासा फरक पृथ्वीवरच्या अँटेनांना रेडिओ लहरींच्या डॉप्लर मोजणीत, म्हणजे वेगामुळे लहरींत पडणारा फरक मोजून, पकडता येतो. म्हणजे "तो अमुक वाजता दोर सुटून वाहत गेला" ही साक्ष खरी की खोटी, हे कोट्यवधी किलोमीटरवर बसलेला, कुणालाही न ओळखणारा दिशादर्शन विभागातला कर्मचारी सांगू शकतो. त्याला आपण काय सांगतोय याची कल्पनाही नसते. तो नेहमीच्या अहवालात एक ओळ लिहितो, "मार्गात अनपेक्षित बदल आढळला नाही." ही ओळ विसाव्या पानावर टाका, दुसऱ्या चार कंटाळवाण्या ओळींच्या मध्ये. वाचक ती वाचून पुढे जाईल आणि दोनशेव्या पानावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेईल.

तुमच्या एअरलॉकच्या प्रसंगाबद्दलही बोलायला हवं. खुनी दांडा ओढतो, दार उघडतं, माणूस बाहेर फेकला जातो. असं होत नाही. आत पृथ्वीइतका दाब असेल तर दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा रेटा दारावर असतो. आतल्या बाजूला उघडणारं दार त्या रेट्याविरुद्ध कुणालाही ओढता येणार नाही. आधी खोलीतली हवा काढावी लागते, त्याला वेळ लागतो, आवाज होतो, नोंद होते. लेखकाला हे अडचणीचं वाटतं, पण मला विचाराल तर हे घबाड आहे. खुन्याला काही मिनिटं थांबावं लागतं आणि आतल्या माणसाला आपल्याशी काय होतंय ते कळतं. ती काही मिनिटं लिहा. तुमच्या चाळीस पानांत मला थरार कुठे सापडला नाही, तो इथे आहे.

आणि निर्वातात माणूस फुटत नाही, क्षणात गोठतही नाही. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात सूटची नळी सुटून जिम लेब्लांक नावाचा तंत्रज्ञ सुमारे चौदा सेकंदांत बेशुद्ध पडला. दाब परत आल्यावर तो वाचला. जिभेवरची लाळ उकळायला लागल्याचं त्याला शेवटचं आठवत होतं. चौदा सेकंद माणूस काय करू शकतो? हाताशी जे असेल त्याला धरू शकतो. मरणाऱ्याच्या मुठीत सापडलेल्या बटणापेक्षा, त्याने चौदा सेकंदांत मुद्दाम बंद केलेली झडप जास्त बोलते.

झडप म्हटलं की सोयूझ-११ हे सोव्हिएत यान आठवतं. ३० जून १९७१ ला ते यान पॅराशूटने अगदी ठरल्यासारखं उतरलं. मदतपथकाने दार उघडलं तेव्हा आतले तिन्ही अंतराळवीर, दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह, आपापल्या जागी मृत होते. कॅप्सूल आतून बंद होती, बाहेरून ओरखडा नव्हता. बंद खोलीतल्या मृत्यूचं याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही. उलगडा असा निघाला की जमिनीजवळ आल्यावर उघडायची हवेची झडप, यानाचे भाग सुटे होताना बसलेल्या धक्क्याने १६८ किलोमीटर उंचीवरच उघडली होती. आत तिघांना सूट घालून बसायला जागा नव्हती. खुनी कुणीच नाही, पण तपास कसा चालतो ते बघा. दाबाच्या नोंदी, शरीराला लावलेल्या सेन्सरच्या नोंदी आणि एक झडप. साक्षीदार एकही नाही.

दुसरी घटना अलीकडची. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात दोन मिलिमीटरचं छिद्र सापडलं. दाब उतरतोय हे जमिनीवर रात्रीच कळलं होतं, पण गळती हळू होती म्हणून झोपलेल्यांना उठवलं नाही. हे वाचताना मला दर वेळी काटा येतो. गळती आहे हे जमिनीला माहीत, आणि आतले सगळे शांत झोपलेले. छिद्र ड्रिलचं होतं. कुणी आणि कुठे पाडलं, याचा निष्कर्ष जाहीर झालेला नाही. कादंबरीकाराने उचलावी अशी गोष्ट मात्र त्याच्या पुढची आहे. छिद्र ज्या भागात होतं तो भाग परतीच्या वाटेवर सुटा होऊन वातावरणात जळून जातो. म्हणजे पुराव्याला मुदत होती. परतायच्या नऊ दिवस आधी, ११ डिसेंबरला, कोनोनेंको आणि प्रोकोपियेव्ह हे रशियन अंतराळवीर बाहेर गेले आणि पावणेआठ तास खपून बाहेरचं आवरण चाकू-कात्रीने कापून नमुने घेऊन आले. त्यातला प्रोकोपियेव्ह पुढे त्याच यानातून उतरला. तुमच्या कादंबरीत घड्याळाची टिकटिक हवी म्हणून तुम्ही बॉम्ब ठेवलाय. तो काढा. त्यापेक्षा ठराविक दिवशी जळणार असलेला पुरावा ठेवा.

रक्ताचं वर्णन पुन्हा लिहावं लागेल. "टेबलावरून थेंब थेंब रक्त खाली टपकत होतं" असं तुम्ही लिहिलंय आणि आधीच्याच पानावर माणसं तरंगतायत. वजन नसताना रक्त टपकत नाही. ते जखमेवर जाडसर घुमटासारखं चिकटून राहतं, सुटलंच तर गोळे होऊन हवेबरोबर जातं. आणि हवा कुठे जाते? पंखा ओढेल तिकडे, म्हणजे शोषणाऱ्या जाळीकडे. स्थानकावर काही हरवलं की पहिल्यांदा तीच जाळी बघतात. तेव्हा तो प्रसंग मी असा लिहिला असता:

"डॉक्टर मृतदेहाकडे गेली नाही. ती आधी खोलीच्या टोकाच्या जाळीपाशी गेली, पायाने दांडीला अडकली आणि टॉर्च लावला. दोन केस. टेपचा तुकडा. एक स्क्रू. आणि तपकिरी ठिपके, पण फक्त डाव्या अर्ध्यात. 'उजवा पंखा कुणी बंद केला होता?' तिने विचारलं. कुणीच बोललं नाही, आणि विचारायला उशीर झाला हे तिला कळलं, कारण आता दोन्ही चालू होते."

यात तुम्हाला वेळ मिळाली, जागा मिळाली, आणि पंख्याला हात लावणारा एक माणूसही मिळाला.

जाळीवरही सगळं सापडतंच असं नाही, हेही सोयीचं आहे. फ्रँक रुबिओ या अमेरिकी अंतराळवीराने स्थानकावर पिकवलेला एक छोटा टोमॅटो हरवला. त्यानेच खाल्ला असणार म्हणून त्याची टिंगल झाली. तो पृथ्वीवर परत आला तरी आळ गेला नाही. २०२३ च्या डिसेंबरात टोमॅटो वाळून चपटलेला सापडल्याचं जाहीर झालं आणि बिचारा निर्दोष ठरला. स्थानकाच्या आतल्या जागेत एक टोमॅटो कित्येक महिने दडून राहतो. तुमचं हत्यार सापडायला तीन दिवस लागले तर कुणी हसणार नाही.

मृत्यूची वेळ काढताना नेहमीची पुस्तकं कामाला येत नाहीत, आणि इथे एक फार छान कोडं दडलंय. माणूस मेल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. डॉक्टर त्याला पोस्टमॉर्टेम स्टेनिंग म्हणतात. काही तासांनी हे डाग पक्के होतात, मग शरीर हलवलं तरी जात नाहीत. पण तरंगणाऱ्या माणसाला खालची बाजूच नसते, मग रक्त उतरेल कुठे? आता तुमच्या यानाला एक फिरतं कडं द्या, जिथे फिरण्यामुळे वजन जाणवतं, आणि मधे एक न फिरणारा गाभा. मृतदेह गाभ्यात तरंगताना सापडतो, पण पाठीवर पक्के डाग आहेत. तो इथे मेलाच नाही. कड्यात पाठीवर पडून मेला, काही तास तसाच होता आणि नंतर कुणीतरी त्याला इथे आणलं. "त्या रात्री मी गाभ्यात नव्हतोच" ही भक्कम सबब एका वाक्यात निकामी होते, आणि ज्याला सबब नव्हती तो सुटतो. हे कोडं बंगल्यात करून दाखवा म्हणावं तुमच्या मित्राला.

मी स्वतः केलेली चूकही सांगतो. माझ्या पहिल्या अंतराळकथेत खुनी झोपेच्या वेळी हवेचे पंखे बंद करतो. वजन नसलं की उच्छ्वास वर जात नाही, पंखा नसेल तर तोंडाभोवतीच साठत राहतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यावर बेहद्द खूश होतो. पाणबुडीवर नोकरी केलेल्या एका वाचकाचं दोन ओळींचं पत्र आलं, "पंखे थांबले की आधी सगळे जागे होतात. आम्ही आवाजाने नाही, शांततेने उठायचो." माझी कथा तिथेच मेली. कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी डोकं दुखतं आणि माणूस धापा टाकत उठतो, हेही मी सोयीस्करपणे विसरलो होतो. आता तीच गोष्ट मी उलटी वापरतो. सहाही जण शपथेवर सांगतात की रात्रभर गाढ झोपलो होतो, आणि यंत्राच्या नोंदीत पंखे अकरा मिनिटं बंद आहेत. मग कोण खोटं बोलतंय? सहापैकी निदान एक जण, पण कदाचित सगळेच, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

कॅमेऱ्यांचा पेच आता बराचसा सुटलाय. झोपायच्या कप्प्यात आणि संडासात कॅमेरा नसतो, तेवढा आडोसा पुरतो. बाकी ठिकाणी कॅमेऱ्याने खरं तेच दाखवावं. वजन नसताना अंगातलं पाणी वर सरकतं, सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे गोल दिसतात. कपडे सारखे. त्यात माणूस उलटा तरंगत असेल तर त्याचा चेहरा ओळखणं मेंदूला भलतंच जड जातं. चित्रफितीत दिसलेल्या उलट्या माणसाला पाच जण एकमुखाने "हा कमांडर" म्हणतील आणि पाचही प्रामाणिकपणे चुकतील. फीत फिरवून बघायचं सुचायला दीडशे पानं जाऊ द्या.

यानाच्या संगणकाला मात्र खुनी करू नका. अशी हस्तलिखितं मी पुष्कळ वाचलीत. संगणक खुनी निघाला की माणसांचे हेतू, ज्यांच्यावर तुम्ही इतकी पानं घालवलीत, ते सगळे फुकट जातात.

हेतूंबद्दल मी थोडक्यातच बोलतो, कारण तुमची माणसं बरी जमलीत. फक्त त्यांची भांडणं मोठ्या गोष्टींवरून आहेत, वारसा, जुनं प्रेम, हेरगिरी. कोंडलेल्या माणसांत छोट्या गोष्टी सडतात. मॉस्कोत २०१० ते २०११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस नकली मंगळयानात ठेवलं होतं. त्यातल्या एकाचं झोपेचं चक्र चोवीस तासांना धरून राहिलंच नाही. तो पुढे पुढे सरकत गेला आणि कित्येक दिवस बाकीचे झोपलेले असताना जागा असायचा. असा एक माणूस तुमच्या सातांत ठेवा. त्याने काही केलेलं नसेल, पण सगळे त्याच्याकडेच बघतील, आणि खुनी तर नक्कीच त्याच्या जागेपणाचा फायदा घेईल.

तपास कोण करणार, हे तुम्ही डॉक्टरवर सोपवलंय ते ठीक आहे, पण तिला अधिकार कुणी दिला? १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे यान ज्या देशाकडे नोंदलेलं, त्याचा कायदा यानावर चालतो. स्थानकासाठी १९९८ मध्ये वेगळा करार झाला, तिथे आरोपी ज्या देशाचा, खटला पहिल्यांदा त्याचा. तुमच्या यानात चार देशांची माणसं आहेत. डॉक्टरने कुणाचा कप्पा उघडायचा म्हटलं की पहिला प्रश्न "कुठल्या कायद्याने?" हाच येणार. पृथ्वीला विचारायचं तर मंगळाच्या वाटेवर निरोप एका दिशेला जायलाच शेवटी शेवटी दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, म्हणजे उत्तर यायला वीस-तीस मिनिटं. तेवढ्यात काय काय पुसून टाकता येतं, त्याची यादी खुन्याच्या बाजूने करून बघा.

एक गोष्ट शिस्तीने पाळा. उलगड्याला लागणारं प्रत्येक शास्त्र खून व्हायच्या आधी पानावर येऊन गेलेलं असलं पाहिजे, आणि दुसऱ्याच कामासाठी. पाण्यातून ऑक्सिजन निघतो हे नवख्या माणसाला यान दाखवताना येऊ द्या. कड्यातून गाभ्यात गेल्यावर पोटात ढवळतं, हे विनोदाच्या ओघात. उलगड्याच्या प्रकरणात वाचकाला नवीन शास्त्र शिकवायला लागलात तर तो फसवल्यासारखा चिडतो, आणि त्याचं चुकत नाही.

आता तुमच्या मजकुराकडे. पहिली बारा पानं निघण्याच्या समारंभाची आहेत, ती काढा आणि चौथ्या महिन्यातल्या एका नेमक्या सकाळी सुरुवात करा, इंजिनिअर रोजचे आकडे वाचतेय तिथून. मारेकरी म्हणून तुम्ही तिलाच निवडलंय. यंत्रं जिच्या हातात तिच्यावर वाचक पहिल्या पानापासून डोळा ठेवतो. त्यापेक्षा साठ्याचा हिशोब ठेवणारा तो अबोल माणूस बघा, ज्याला तुम्ही दोनच संवाद दिलेत. कुठल्या डब्यात किती शिल्लक आहे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि लपलेल्या माणसाला रोज जेवण लागतंच. एकतिसाव्या पानावर तो म्हणतो, "मोजणीत माझी चूक झाली असेल, परत मोजतो." हे तुम्ही सहज लिहून गेलात. ते वाक्य तसंच ठेवा, आणि बाकीची कादंबरी त्याच्या भोवती परत रचा.